वैवाहिक व्हिसा-नकार व न्यायालयीन पुनर्विलोकन

नागरिकाच्या परदेशी पतीस अथवा पत्नीस देशात येऊन राहण्यासाठी लागणारा व्हिसा वाणिज्यदूताने नाकारला असता त्या निर्णयाची वैधता न्यायालयाने तपासणे, यास वैवाहिक व्हिसा-नकाराचे न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात. असे पुनर्विलोकन व्हावे किंवा कसे, आणि व्हावयाचे तर ते कोणाच्या हक्काच्या आधारे, हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे शंभर वर्षे वादाचा विषय राहिला आहे. परकीय व्यक्तीस देशात प्रवेश मिळण्याचा हक्क नसतो, हे तत्त्व बहुतेक राष्ट्रे मानतात. परंतु वैवाहिक व्हिसाच्या प्रकरणात नाकारलेल्या परकीय व्यक्तीच्या मागे एक नागरिक उभा असतो. त्याला विवाहाचा व सहजीवनाचा हक्क आहे, आणि तो हक्क संविधानाने संरक्षिलेला आहे, असे त्याचे म्हणणे असते. राज्याचा प्रवेशनियंत्रणाचा अधिकार आणि नागरिकाचा गृहस्थजीवनाचा हक्क यांचा हा संघर्ष होय. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतांशी राज्याच्या बाजूने निकालात काढला. या प्रश्नाच्या इतिहासात एक गोष्ट सतत आढळते : जोडीदारांना जो दिलासा मिळाला, तो न्यायालयापेक्षा कायदेमंडळाकडून व लोकमताच्या दडपणामुळे अधिक मिळाला.

स्वरूप व प्रक्रिया : अमेरिकन कायद्यानुसार एकाच विवाहाची तपासणी दोन ठिकाणी होते. प्रथम नागरिकाने देशांतर्गत स्थलांतर यंत्रणेकडे विनंतीअर्ज करावयाचा असतो. विवाह खरा आहे, केवळ प्रवेश मिळविण्यासाठी केलेला नाही, याची खात्री या टप्प्यावर करून घेतली जाते. हे काम २००३ पर्यंत न्याय खात्याच्या अखत्यारीतील स्थलांतर व नागरिकीकरण सेवेकडे होते. त्यानंतर ते अंतर्गत सुरक्षा खात्याकडे आले. अर्ज मंजूर झाल्यावर प्रकरण परराष्ट्र खात्यामार्फत जोडीदाराच्या देशातील वाणिज्यदूताकडे जाते. भारतातील अशा अर्जदारांच्या मुलाखती दीर्घकाळ मुख्यत्वे मुंबई येथील अमेरिकन वाणिज्य दूतावासात होत आल्या आहेत. वाणिज्यदूत अर्जदाराची मुलाखत घेतो, कागदपत्रे व वैद्यकीय अहवाल पाहतो आणि कायद्यात सांगितलेल्या अपात्रतेच्या कारणांपैकी एखादे लागू पडते काय, हे ठरवितो. आपण पात्र आहोत हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने अर्जदारावर टाकला आहे.

१९५२ च्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व अधिनियमाने व्हिसा देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार वाणिज्यदूताच्या हाती दिला आणि त्या बाबतीत परराष्ट्रमंत्र्याच्या नियंत्रणासही मर्यादा घातली. नकार देताना अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली तो दिला, हे सामान्यतः अर्जदारास कळवावे लागते. परंतु गुन्हेगारी किंवा राष्ट्रीय सुरक्षा यांच्याशी संबंधित कारणांबाबत तेवढेही बंधन नाही. नकाराची तपासणी दूतावासातील वरिष्ठ अधिकारी करू शकतो, कायद्याच्या अर्थाविषयीचा प्रश्न वॉशिंग्टन येथील परराष्ट्र खात्याकडे अभिप्रायार्थ पाठविता येतो आणि अर्जदारास नव्याने अर्जही करता येतो. मात्र या उतरंडीत कोठेही स्वतंत्र न्यायासन नाही. वाणिज्यदूताच्या अशा निर्णयात न्यायालये हस्तक्षेप करीत नाहीत, या नियमास वाणिज्यदूतीय निर्णयाच्या अपुनर्विलोकनीयतेचा सिद्धांत असे म्हणतात.

सिद्धांताचा उगम : या सिद्धांताची मुळे चिनी स्थलांतरितांविरुद्धच्या कायद्यांत आहेत. १८८२ च्या अधिनियमाने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी केली. तथापि आधीपासून राहणाऱ्या मजुरांना स्वदेशी जाऊन परत येण्यासाठी प्रमाणपत्रे दिली जात. १८८८ मध्ये काँग्रेसने ही प्रमाणपत्रे एकाएकी रद्द केली. १८७५ पासून कॅलिफोर्नियात राहिलेला आणि असे प्रमाणपत्र जवळ बाळगणारा चे चान पिंग हा मजूर त्या वेळी परतीच्या समुद्रप्रवासात होता. सॅन फ्रॅन्सिस्को बंदरात त्यास अडविण्यात आले. १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही बंदी वैध ठरविली. परकीयांना देशाबाहेर ठेवण्याचा अधिकार हा सार्वभौमत्वाचाच भाग असून त्याबाबत राज्याच्या राजकीय शाखांनी घेतलेला निर्णय न्यायालयांवर बंधनकारक आहे, असे न्या. स्टीफन फील्ड (१८१६–९९) यांनी निकालपत्रात प्रतिपादिले. यातूनच काँग्रेसच्या ‘संपूर्ण अधिकारा’ची कल्पना रूढ झाली.

तीन वर्षांनी, १८९२ मध्ये, निशिमुरा एकियू या जपानी स्त्रीच्या खटल्यात हे तत्त्व एक पाऊल पुढे गेले. आपण अमेरिकेत राहणाऱ्या पतीकडे आलो आहोत, असे तिने १८९१ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे उतरताना सांगितले होते. तिच्याजवळ २२ डॉलर होते. ती सार्वजनिक खर्चावर भार होईल असे ठरवून तपासणी अधिकाऱ्याने तिला प्रवेश नाकारला. काँग्रेसने ज्या अधिकाऱ्यास हा निर्णय सोपविला, त्याचा निर्णय हीच अशा व्यक्तीपुरती यथाविधी प्रक्रिया होय, असे न्यायालयाने ठरविले. पतीचा हक्क हा मुद्दा त्या खटल्यात विचारार्थ आला नाही. परंतु पुढे नागरिकांच्या पती-पत्नींविरुद्ध जो नियम वापरला गेला, त्याचा पाया पतीकडे निघालेल्या एका स्त्रीच्या प्रकरणात घातला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पत्नीचे नागरिकत्व : नागरिकाच्या परदेशी पत्नीचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात आजच्या स्वरूपात का उद्‌भवला नाही, याचे कारण तत्कालीन नागरिकत्वविधीत सापडते. १८५५ च्या अधिनियमान्वये अमेरिकन नागरिकाशी विवाह करणारी परदेशी स्त्री विवाहानेच नागरिक होत असे. अट एवढीच होती, की ती स्वतः नागरिकीकरणास पात्र असली पाहिजे. नागरिकीकरण त्या काळी प्रथम गौरवर्णीयांपुरते आणि १८७० नंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांपुरतेही खुले होते. त्यामुळे यूरोपीय वधूच्या बाबतीत नागरिकाची पत्नी परकीय उरतच नसे; आशियाई वधू मात्र परकीयच राही. उलटपक्षी, १९०७ च्या अधिनियमाने परकीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व काढून घेतले. त्यामुळे परदेशी पतीसाठी दाद मागणारी नागरिक पत्नी ही व्यक्तीच कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात नव्हती.

अमेरिकेत जन्मलेले चिनी वंशाचे लोक जन्मतः नागरिक आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये वाँग किम आर्क खटल्यात ठरविले होते. त्यांच्या चिनी पत्नींचे काय, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. १९०२ मध्ये त्सोइ सिम या स्त्रीच्या प्रकरणात नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने, जन्माने नागरिक असलेल्या पतीच्या पत्नीस हद्दपार करता येणार नाही, असा निर्णय दिला. पत्नीचे निवासस्थान पतीबरोबर असते आणि तिच्या सहवासाचा पतीस हक्क आहे, या भूमिकेवर तो आधारलेला होता. नागरिकाच्या हक्काच्या आधारे परकीय जोडीदारास संरक्षण देणारा हा एक आरंभीचा निर्णय होय. तथापि हे प्रकरण देशात राहणाऱ्या स्त्रीच्या हद्दपारीचे होते, देशाबाहेरून प्रवेश मागणारीचे नव्हते.

१९२२ च्या केबल अधिनियमाने विवाह व नागरिकत्व यांची फारकत केली. परदेशी पत्नी यापुढे विवाहाने नागरिक होईना, आणि परकीयाशी विवाह करणाऱ्या बहुतेक अमेरिकन स्त्रियांचे नागरिकत्व टिकू लागले. मात्र नागरिकीकरणास अपात्र असलेल्या परकीयाशी, म्हणजे व्यवहारतः आशियाई पुरुषाशी, विवाह करणाऱ्या स्त्रीचे नागरिकत्व १९३१ पर्यंत जातच राहिले. भारतीयांनाही ही तरतूद बाधली. कारण १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकीकरणास अपात्र ठरविले होते. ही अपात्रता १९४६ च्या अधिनियमाने दूर झाली.

व्हिसापद्धती आणि १९२४ चा अधिनियम : पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, परकीयांनी निघण्यापूर्वीच अमेरिकन वाणिज्यदूताकडून व्हिसा घ्यावा, असा युद्धकालीन नियम करण्यात आला. १९२४ च्या स्थलांतर अधिनियमाने तो कायम केला. यामुळे प्रवेशाचा निर्णय बंदरातून उठून परदेशातील कचेरीत गेला. बंदरात अडविलेली व्यक्ती अमेरिकेच्या भूमीवर वा किनाऱ्याशी असल्याने बंदीप्रत्यक्षीकरणाच्या अर्जाद्वारे निदान न्यायालयापुढे उभी राहू शकत असे. परदेशातील कचेरीच्या दारातून परत फिरविलेल्या व्यक्तीस तो मार्गही उरला नाही. बंदरावरील गैरसोय टळावी, घर मोडून आलेल्या माणसास परत जावे लागू नये, हा या पद्धतीचा एक उद्देश होता; न्यायालयापासून अंतर वाढणे हा तिचा परिणाम ठरला.

याच अधिनियमाने नागरिकांच्या पत्नींना वार्षिक कोट्यातून वगळून सवलत दिली. पतींना तीच सवलत समान पायावर मिळण्यास १९५२ साल उजाडावे लागले. नागरिकीकरणास अपात्र असलेल्या वंशांच्या स्त्रियांना मात्र ही सवलत नव्हती. २५ मे १९२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधी दोन निर्णय एकाच दिवशी दिले. अमेरिकेत राहणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांच्या पत्नींना चीनशी झालेल्या तहामुळे प्रवेश मिळू शकतो, असे एका खटल्यात ठरले; तर चिनी वंशाच्या अमेरिकन नागरिकांच्या पत्नींना अधिनियमाच्या शब्दांमुळे तो मिळू शकत नाही, असे दुसऱ्यात ठरले. परकीय व्यापाऱ्याची पत्नी आत आणि नागरिकाची पत्नी बाहेर, अशी विसंगती यातून निर्माण झाली. ती न्यायालयाने नव्हे, तर काँग्रेसने हळूहळू दूर केली. १९३० मध्ये १९२४ च्या अधिनियमापूर्वी झालेल्या विवाहांपुरती सूट मिळाली, १९४३ मध्ये चिनी बंदीचे कायदे रद्द झाले आणि १९४६ मध्ये नागरिकांच्या चिनी पत्नींना कोट्याबाहेर प्रवेश मिळू लागला.

वाणिज्यदूताच्या निर्णयाविरुद्ध नागरिकाने न्यायालयात जाण्याचे प्रयत्नही याच काळात सुरू झाले. १९२९ मध्ये उलरिक नावाच्या नागरिकाने पत्नीस व्हिसा द्यावा, असा आदेश परराष्ट्रमंत्र्यास देण्याची मागणी केली. वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने ती फेटाळली. अशा निर्णयांतून अपुनर्विलोकनीयतेचा सिद्धांत दृढ होत गेला.

नॉफ खटला : दुसऱ्या महायुद्धात परदेशी गेलेल्या हजारो अमेरिकन सैनिकांनी तेथे विवाह केले. त्यांच्या जोडीदारांचा प्रवेश सुलभ व्हावा म्हणून २८ डिसेंबर १९४५ रोजी युद्धवधू अधिनियम संमत झाला. एलेन नॉफ ही जर्मनीत जन्मलेली स्त्री इंग्लंडमध्ये निर्वासित म्हणून राहिली होती, तेथील हवाई दलात तिने काम केले होते आणि युद्धानंतर जर्मनीतील अमेरिकन लष्करी प्रशासनात ती नोकरीस होती. १९४८ मध्ये तिने एका माजी सैनिक अमेरिकन नागरिकाशी विवाह केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती न्यूयॉर्क बंदरात आली. तिचा प्रवेश राष्ट्रहितास बाधक ठरेल, एवढेच सांगून महान्यायवाद्यांनी तिला सुनावणीवाचून प्रवेश नाकारला. ज्या माहितीवर निर्णय आधारलेला होता, ती गोपनीय असल्याने न्यायालयासही दाखविण्यात आली नाही.

१६ जानेवारी १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारचा निर्णय उचलून धरला. काँग्रेसने ठरविलेली कार्यपद्धती, मग ती कोणतीही असो, प्रवेश नाकारलेल्या परकीयाच्या बाबतीत यथाविधी प्रक्रियाच होय, अशा आशयाचे विधान न्या. शर्मन मिंटन (१८९०–१९६५) यांनी केले. न्या. रॉबर्ट जॅक्सन (१८९२–१९५४) यांनी विरोधी निकालपत्रात, नागरिकाच्या पत्नीस असे एकाएकी घराबाहेर ठेवण्याचा अधिकार काँग्रेसने स्पष्ट शब्दांत दिलेला नाही, असे सांगितले. गुप्ततेच्या आवरणाखाली आकसखोर व चुकीची माहिती देणाऱ्या खबऱ्यांचेही रक्षण होते, असा इशारा त्यांनी दिला.

खटल्याचा शेवट मात्र न्यायालयाबाहेर झाला. वृत्तपत्रांनी हे प्रकरण लावून धरले, काँग्रेसमध्ये तिच्यासाठी विधेयके मांडण्यात आली आणि अखेरीस सरकारने सुनावणी घेण्याचे मान्य केले. सुनावणीत पुढे आलेला पुरावा ऐकीव व निराधार असल्याचे स्थलांतर अपील मंडळास १९५१ मध्ये आढळून आले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये तिला प्रवेश मिळाला. मध्यंतरीच्या तीन वर्षांतील बराचसा काळ तिने एलिस बेटावरील स्थानबद्धतेत काढला. आरोप तपासला जाताच तो टिकला नाही. परंतु तो तपासला जावा, हा तिचा हक्क नव्हता, असे सांगणारा निर्णय मात्र कायद्यात कायम राहिला.

मँडेल कसोटी : १९७२ मध्ये क्लाइनडीन्स्ट विरुद्ध मँडेल या खटल्याने पुनर्विलोकनास एक अरुंद वाट मोकळी केली. अर्नेस्ट मँडेल या बेल्जियन मार्क्सवादी विचारवंतास अमेरिकेत व्याख्यानांसाठी व्हिसा नाकारण्यात आला होता. त्याची व्याख्याने ऐकण्याचा आपणास संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीन्वये हक्क आहे, असे अमेरिकन प्राध्यापकांनी प्रतिपादिले. येथे दाद मागणारा परकीय नसून नागरिक होता, हे या खटल्याचे वैशिष्ट्य होय. न्या. हॅरी ब्लॅकमन (१९०८–९९) यांच्या बहुमताच्या निकालपत्राने निर्णय सरकारच्या बाजूने दिला. परंतु नकारामागे सकृत्‌दर्शनी वैध व प्रामाणिक कारण असल्यासच न्यायालय त्याच्या पलीकडे पाहणार नाही, असे त्यात म्हटले. म्हणजेच नागरिकाचा संविधानिक हक्क गुंतलेला असेल, तर कारण विचारता येते, असा अर्थ त्यातून निघाला.

व्याख्यान ऐकण्याच्या हक्कासाठी जर कारण विचारता येते, तर पतीबरोबर राहण्याच्या हक्कासाठी का नाही, हा युक्तिवाद त्यानंतर स्वाभाविकपणे पुढे आला. विवाहाचा हक्क मूलभूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या लव्हिंग खटल्यात मानलेलेच होते. कायदेमंडळानेही १९६५ च्या अधिनियमाने नागरिकांचे पती-पत्नी, अल्पवयीन मुले व आईवडील यांना संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवून कुटुंबाच्या ऐक्यास अग्रक्रम दिला होता. २००८ मध्ये बुस्तामान्ते खटल्यात नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने नागरिक पत्नीस असा संरक्षित हक्क असल्याचे मान्य केले. मात्र पतीवर अमली पदार्थांच्या व्यापाराचा संशय, हे कारण पुरेसे ठरवून तिचा दावा फेटाळला.

दिन खटला : केरी विरुद्ध दिन हा खटला १५ जून २०१५ रोजी निकाली निघाला. फौझिया दिन ही अफगाणिस्तानातून २००० मध्ये निर्वासित म्हणून आलेली आणि २००७ मध्ये अमेरिकन नागरिक झालेली स्त्री होती. तिचा पती तालिबान राजवटीत सरकारी नोकरीत होता. इस्लामाबाद येथील मुलाखतीनंतर २००९ मध्ये त्यास दहशतवादविषयक कलमाखाली व्हिसा नाकारण्यात आला. त्याने नेमके काय केले, हे सांगण्यात आले नाही.

या खटल्यात नऊ न्यायाधीशांचे तीन गट पडले. न्या. अँटोनिन स्कालिया (१९३६–२०१६) यांच्यासह तिघांनी नागरिकास असा कोणताही संविधानिक हक्क नाही, असे म्हटले. त्यासाठी त्यांनी १९०७ च्या अधिनियमासारख्या जुन्या निर्बंधांचा दाखला दिला. न्या. अँथनी केनेडी व न्या. सॅम्युएल अलिटो यांनी हक्काचा प्रश्न अनिर्णित ठेवला. तो असल्याचे गृहीत धरले, तरी कलमाचा उल्लेख एवढे कारण पुरेसे आहे, असे त्यांचे मत पडले. न्या. स्टीफन ब्रेयर यांच्यासह चौघांनी हक्क मान्य केला. अनेक प्रकारच्या कृत्यांचा समावेश असलेल्या कलमाचा नुसता उल्लेख म्हणजे कारण नव्हे, असे त्यांनी म्हटले. दिन यांचा दावा फेटाळला गेला, परंतु हक्काच्या प्रश्नावर बहुमत झाले नाही.

२०१८ मध्ये ट्रंप विरुद्ध हवाई या खटल्यात काही देशांच्या नागरिकांवरील प्रवेशबंदी पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरली. आपल्या नातेवाइकांपासून दूर ठेवल्या गेलेल्या व्यक्तीस न्यायालयात येण्यास पुरेसा हितसंबंध आहे, हे न्यायालयाने तेथे मान्य केले. परंतु धोरणाच्या तपासणीसाठी मँडेल खटल्याला अनुसरून अत्यंत सौम्य कसोटी लावली.

मुन्योस खटला : दिन खटल्यात अनिर्णित राहिलेला प्रश्न २१ जून २०२४ रोजी परराष्ट्र खाते विरुद्ध मुन्योस या खटल्यात सुटला. सँड्रा मुन्योस या लॉस अँजेल्स येथील वकील असून त्यांनी २०१० मध्ये एल साल्वादोरच्या एका नागरिकाशी विवाह केला. नियमानुसार पतीने व्हिसासाठी स्वदेशी जाऊन २०१५ मध्ये सान साल्वादोर येथे मुलाखत दिली. देशात येऊन बेकायदेशीर कृत्य करण्याचा संभव, अशा स्थूल कलमाखाली त्यास त्याच वर्षी नकार मिळाला. दावा दाखल झाल्यावर, २०१८ मध्ये, पती एका गुन्हेगारी टोळीशी संबंधित असल्याच्या समजुतीने हा निर्णय घेतल्याचे सरकारने न्यायालयास कळविले. पतीच्या अंगावरील गोंदण हे या संशयाचे मूळ असावे, असा दांपत्याचा कयास होता; त्या गोंदणाचा टोळीशी संबंध नाही, असे तज्ञाचे मतही त्यांनी सादर केले होते. २०२२ मध्ये नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने मुन्योस यांच्या बाजूने निर्णय दिला. वेळीच न कळविलेले कारण पुरेसे मानता येणार नाही, असे त्यात म्हटले होते.

सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. न्या. एमी कोनी बॅरेट यांनी पाच न्यायाधीशांच्या वतीने लिहिलेल्या निकालपत्रात, परकीय जोडीदारास देशात आणण्याचा नागरिकाचा हक्क राष्ट्राच्या इतिहासात व परंपरेत खोलवर रुजलेला नाही, असे ठरविले. काँग्रेसने जोडीदारांना वेळोवेळी सवलती दिल्या, परंतु त्या सवलतीच होत्या. विवाहाचा हक्क कितीही मूलभूत असला, तरी त्यातून विशिष्ट देशात एकत्र राहण्याचा हक्क निघत नाही, असा या युक्तिवादाचा आशय होता. न्या. नील गोर्सच यांनी मुन्योस यांना कारण आता कळलेलेच आहे, एवढ्याच आधारावर निकालास संमती दिली आणि हक्काच्या प्रश्नात शिरणे टाळले. न्या. सोनिया सोटोमायोर यांनी दोन सहकाऱ्यांसह विरोधी मत नोंदविले. विवाह म्हणजे एकत्र जीवन उभारणे होय, आणि सरकार ते तोडीत असेल, तर निदान त्याचे कारण देण्यास ते बांधील आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्यानंतर १० डिसेंबर २०२४ रोजी बुआर्फा खटल्यात न्यायालयाने एकमताने आणखी एक मर्यादा स्पष्ट केली. नागरिकाचा विनंतीअर्ज देशांतर्गत टप्प्यावरच फेटाळला गेल्यास न्यायालयाकडे जाता येते. परंतु एकदा मंजूर झालेला अर्ज अधिकाऱ्याने मागाहून रद्द केल्यास, तो निर्णय त्याच्या विवेकाधीन असल्याने त्याचे पुनर्विलोकन होत नाही. अर्जावर निर्णयच न देता तो वर्षानुवर्षे रखडविल्यास काय करावे, याबद्दल कनिष्ठ न्यायालयांत मतभिन्नता आढळते.

मूल्यमापन : या सिद्धांताच्या समर्थनार्थ तीन मुद्दे मांडले जातात. परकीयांचा प्रवेश हा परराष्ट्रसंबंध व सुरक्षा यांच्याशी निगडित असल्याने तो न्यायालयीन तपासणीस योग्य विषय नाही. वाणिज्यदूतांपुढे येणाऱ्या अर्जांची संख्या फार मोठी असते. आणि गुप्त माहितीचे उगमस्थान उघड झाल्यास ते नष्ट होण्याची भीती असते. या मुद्द्यांना वजन आहे. परंतु त्यांपैकी कोणताही मुद्दा निर्णय अचूक असल्याची हमी देत नाही. नॉफ प्रकरणात गुप्त माहिती कसोटीस लावल्यावर ती टिकली नाही. मुन्योस प्रकरणात ती न्यायालयाने तपासलीच नाही. त्यामुळे संशय खरा की खोटा, हे निकालाने ठरले नाही.

इतिहास व परंपरा यांच्या कसोटीबाबतही एक अडचण आहे. ज्या काळात परदेशी पत्नी विवाहानेच नागरिक होई आणि परकीयाशी विवाह करणारी स्त्री नागरिकत्व गमावी, त्या काळात नागरिकाने परकीय जोडीदारासाठी न्यायालयाकडे जाण्याचा प्रसंग क्वचितच येत असे. हक्क मागण्याचे कारणच नव्हते, म्हणून हक्काची परंपरा दिसत नाही, असे म्हणण्यास जागा राहते. आणि जी परंपरा दिसते, ती बऱ्याच अंशी वंशभेदावर उभारलेल्या आणि काँग्रेसनेच पुढे रद्द केलेल्या कायद्यांची आहे. १९०२ च्या त्सोइ सिम निर्णयासारखे उलट दिशेचे दाखलेही त्या इतिहासात आहेत.

अन्य देशांतील स्थिती : इतर काही देशांनी हा प्रश्न अपीलाच्या वैधानिक व्यवस्थेने सोडविला आहे. ब्रिटनमध्ये १९६९ च्या अधिनियमाने प्रवेशानुमती नाकारलेल्या व्यक्तीस स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा हक्क दिला. पुढे त्याची व्याप्ती बरीच घटली, तरी कौटुंबिक जीवनाच्या हक्कावर आधारलेले अपील टिकून राहिले. २८ मे १९८५ रोजी यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अब्दुलअझीझ, कॅबालेस व बाल्कंदाली यांच्या खटल्यात, पत्नीपेक्षा पतीस आणणे अधिक कठीण करणारे ब्रिटिश नियम लिंगभेद करणारे ठरविले. कॅनडात २००१ च्या अधिनियमानुसार पुरस्कर्ता नागरिक जोडीदाराच्या नकाराविरुद्ध स्थलांतर अपील विभागाकडे जाऊ शकतो. सुरक्षा व गंभीर गुन्हे यांसारखी कारणे मात्र त्यातून वगळली आहेत.

भारतात संविधानाचा एकविसावा अनुच्छेद परकीयांनाही लागू होतो. परंतु देशात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क एकोणिसाव्या अनुच्छेदाने केवळ नागरिकांना दिला आहे. परकीयांना देशाबाहेर घालविण्याचा केंद्र शासनाचा अधिकार अनिर्बंध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ च्या हान्स म्युलर खटल्यात म्हटले आणि १९९१ च्या लुई द रेट खटल्यात त्याचा पुनरुच्चार केला. १९४६ च्या परकीय नागरिक अधिनियमाची जागा २०२५ च्या अधिनियमाने घेतली. नागरिकाच्या परदेशी जोडीदारास मात्र १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाखाली, भारतात सात वर्षे सामान्यतः वास्तव्य केल्यानंतर, नोंदणीने नागरिकत्व मागता येते. उच्च न्यायालयांचा प्राधिलेखाचा अधिकार संविधानानेच दिलेला असल्याने भारतीय नागरिकास निदान न्यायालयाचा उंबरठा ओलांडता येतो.

अमेरिकेत मुन्योस निर्णयानंतर नागरिक पती वा पत्नीपुढे नवा अर्ज, खात्याकडे फेरविचाराची विनंती, लोकप्रतिनिधींमार्फत चौकशी आणि कायद्यात बदल घडविण्याचा प्रयत्न हेच मार्ग मुख्यत्वे उरले आहेत. त्यांपैकी शेवटच्या मार्गाने १९३०, १९४६ व १९५२ मध्ये खरा फरक पडला होता. नकाराचे कारण कळवावे व ते तटस्थ अधिकाऱ्याने तपासावे, एवढी तरतूद काँग्रेस आजही करू शकते. मुन्योस निर्णयाने तिचे हात बांधलेले नाहीत. ती होईपर्यंत, आपल्या घरात कोणी यावे हा प्रश्न नागरिकाच्या बाबतीतही परदेशातील एका अधिकाऱ्याच्या निर्णयावर सोपविलेला राहील.